शोधण्याची मजुरी

सोलापुरात गाडीच्या सामानाला पैसे निघतात, बिघाड शोधायला निघत नाहीत. प्लगचा सेट बदलला, कॉइल घातली, पंप टाकला, की जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवता येतो. तो बघितला की आपले पैसे कशात गेले हे त्याला पटतं. पण दिवसभर गाडी उघडून, पाइप चाचपून, दाब मोजून शेवटी एक क्लिप आवळली आणि गाडी नीट झाली, तर बिलावर लिहायचं काय? ‘क्लिप आवळली’ एवढंच लिहिलं तर मालक म्हणणार, ‘एवढ्याशा कामाला एवढे?’ आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं याच प्रश्नावरून होतात, आणि चुकीचे इलाजही इथूनच सुरू होतात. हे माझं मत जुनंच आहे. टर्बोच्या गाड्या आल्यापासून ते पक्कं झालं.

गिऱ्हाईक तक्रार सांगतं ती थोडक्यात. ‘मेस्त्री, मिसिंग करतीय’, नाहीतर ‘पिकप नाही’. इंजिन मधेच अडखळून झटका देतं ते मिसिंग, आणि पाय दाबला तरी गाडी ओढत नाही तेव्हा पिकप गेलेला. साध्या इंजिनात या दोन तक्रारी बहुतेक वेळा वेगवेगळ्या यायच्या. टर्बोत त्या हातात हात घालून येतात, आणि कुठली आधीची, कुठली नंतरची, हे ठरवण्यातच खरं काम असतं.

आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी अक्कलकोट रोडला ज्यांच्या हाताखाली लागलो ते उस्ताद अँबॅसिडर, पद्मिनी आणि मारुती ८००च्या जमान्यातले. इंजिन चालू ठेवून ते एकेका प्लगची वायर काढायचे. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करतोय. आवाजात काहीच फरक नाही, तर आजारी तोच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते व्हॉल्वची टकटक ऐकायचे. पोरांना त्यांचा एकच पाठ होता : ‘पहले हवा देख, फिर करंट, फिर तेल.’ इंजिनाला लागतं ते एवढंच. हवा पुरेशी आली, ठिणगी वेळेवर पडली आणि पेट्रोल मापात मिळालं, की ते न चालायला कारण उरत नाही. आमच्यासारखी पोरं मात्र करंटपासून सुरुवात करायची, कारण प्लग काढायला सोपा. उस्ताद पाना हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘फिल्टर खोला क्या?’

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ सक्तीचं झालं. बऱ्याच कंपन्यांनी लहान डिझेल इंजिनं बंद केली आणि त्यांच्या जागी एक-सव्वा लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं रस्त्यावर दिसायला लागली. टर्बो तसा नवा नाही. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी त्याचं पेटंट १९०५मध्ये घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, अशी त्यांची कल्पना. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. छोट्या गाडीतला टर्बो भर जोरात मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. दाबली की हवा तापते, शंभर अंशांच्या वर जाते. म्हणून वाटेत तिला इंटरकूलरमधून नेऊन थंड करतात. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या या वाटेत जाड रबरी होज, क्लिपा, प्लॅस्टिकचे कोपर आणि दोन-तीन सेन्सर बसलेले असतात. जुन्या इंजिनात या वाटेवर हवा ओढली जायची. इथं टर्बोच्या पुढं ती दाबाखाली असते. हा फरक मेकॅनिकच्या डोक्यात बसला नाही, की तो पाण्यासारखा पैसा दुसऱ्याच जागी ओतायला लावतो.

मिसिंग झाली हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं क्रँकच्या सेन्सरवरून. क्रँकवर दात असलेली चकती असते. प्रत्येक दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागला ते कॉम्प्युटर मोजत राहतो. तीन हजार आरपीएमला तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात. त्यातली एक फुकट गेली, तर त्या क्षणी क्रँकला मिळायचा धक्का मिळत नाही आणि दात किंचित उशिरा येतात. असे उशीर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाले, की कोड पडतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी ०३०० म्हणजे कुठंही, कधीही. टर्बोचा दाब मागितल्यापेक्षा कमी पडला तर पी ०२९९. कोड एवढंच सांगतो, की इथं धक्का कमी पडला. का कमी पडला ते त्यात नसतं. तरीही स्कॅनरवर पी ०३०२ दिसलं की दुसऱ्या सिलिंडरची कॉइल मागवणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. स्कॅनर आता स्वस्त झाले आहेत, मोबाइलला जोडणारी डबी तर कुणाच्याही खिशात असते. त्यामुळे कोड वाचता येणं म्हणजेच बिघाड सापडणं, असा समज झाला आहे.

टॉवेलच्या धंद्यातल्या एका मालकांची गाडी माझ्याकडं आली ती अशाच वाटेनं. गावात गाडी सुतासारखी सरळ चालायची. दर मंगळवारी ते घरच्यांना घेऊन तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचे आणि घाट लागला, की गाडी झटके द्यायची. चेक लाइट लुकलुकायचा, थोड्या वेळानं जोर एकदम कमी व्हायचा आणि ट्रकच्या मागं रांगत वर जावं लागायचं. वर पोचून बंद करून पुन्हा चालू केली की परत ठीक. आधी दुसऱ्या गॅरेजात प्लग बदलले होते. गाडी थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या सिलिंडरचा कोड होता म्हणून तिथली कॉइल बदलली. मग तिसऱ्याचा कोड आला. शेवटी ‘टर्बोच गेलाय’ असं सांगून मोठा आकडा हातात दिला होता. तो आकडा ऐकून ते माझ्याकडं आले आणि येताना बदललेले जुने प्लग पिशवीत घेऊन आले. व्यापारी माणूस, पैसे दिलेली वस्तू टाकत नाही. त्याचा मला फार उपयोग झाला.

जुने प्लग तिन्ही काळे होते. टोकाला आणि पांढऱ्या चिनी मातीवर कोरडी, मखमली काजळी. नवे घातलेले काढून बघितले, तर तेही त्याच वाटेवर. एकाच सिलिंडरचा प्लग काळा असता तर गोष्ट वेगळी होती. तिन्ही काळे म्हणजे तिघांनाही पेट्रोल जास्त मिळतंय किंवा हवा कमी. काजळी धरलेल्या प्लगवर दाब वाढला की ठिणगी नीट उडत नाही. दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि काजळीवरून करंट सोपी वाट काढून निसटतो. म्हणून मिसिंग चढावर, जोर लागल्यावरच. तिघांत ज्याची कॉइल जराशी कमजोर, तो आधी मान टाकतो. ती बदलली की पाळी पुढच्याची. कोड एका सिलिंडरावरून दुसऱ्यावर का उडी मारत होता, याचा हिशेब इथं लागला. प्लग आणि कॉइल यांच्यावर आळ आला होता, पण मार खाणारेही तेच होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आता प्रश्न एवढाच, की पेट्रोल जास्त का? उस्तादांच्या पाठाप्रमाणं आधी हवा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि दाबाच्या सेन्सरचा आकडा बघितला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो, आपल्याकडं तो ९६०च्या आसपास दिसला पाहिजे. तसा दिसत होता. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग गाडी तुळजापूर रोडला काढली. हाताखालचा पोरगा शेजारी मोबाइल धरून बसला. चौथा गिअर, दोन हजार आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून चार हजारांपर्यंत. पोरगा आकडे वाचत होता : कॉम्प्युटर मागत होता १९०० मिलिबारच्या घरात, आणि मिळत होते जेमतेम साडेचौदाशे. स्टँडिंगला पेट्रोलची दुरुस्ती जवळपास शून्य, आणि जोर आला की उणे १५ टक्क्यांकडं. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच पेट्रोल कमी करत सुटला होता आणि तरी ते जास्तच होत होतं.

या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढं आहे. तिथून गेलेली हवा मोजली जाते आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल सोडलं जातं. पुढं टर्बोनंतर कुठं भोक असेल, तर मोजलेली हवा इंजिनात पोचायच्या आधीच बाहेर पडते. हवा कमी, पेट्रोल मात्र हिशेबाचं. म्हणून प्लग काळे, म्हणून मिसिंग, म्हणून दाब अपुरा. दोन्ही तक्रारींचं मूळ एक असू शकतं, हे तेव्हा दिसलं. स्टँडिंगला त्या पाइपात दाबच नसतो, त्यामुळं भोक असून नसल्यासारखं. गॅरेजात उभ्या गाडीवर कितीही वेळ स्कॅनर लावून बसलं तरी ते सापडणार नव्हतं.

भोक शोधायला महागडं मशीन लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचं टोपण आणलं, त्याला भोक पाडून टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व बसवला आणि ते टर्बोच्या तोंडाला क्लिपनं आवळलं. क्रँककेसकडून येणारी श्वासाची नळी चिमटली, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात शिरून ऑइल सील उचकटायची. मग कॉम्प्रेसरनं अगदी बेतानं, सात-आठ पीएसआयच हवा भरली. फुसफुस लगेच सुरू झाली. थोडी फुसफुस असतेच. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व त्या वेळी उघडे असले तर तिथून हवा सायलेन्सरकडं जाते, तिच्यामागं धावायचं नसतं. पोरानं साबणाचं पाणी बाटलीत भरून एकेका सांध्यावर मारलं. सांधे सगळे कोरडे. इंटरकूलरमधून वर येणाऱ्या होजला वरून बोट लावलं तर ती नवी वाटावी इतकी चांगली. मग गाडी जॅकवर घेतली, खालून टॉर्च मारला. होजच्या पोटावर, लोखंडी पट्टीला घासत होती तिथं, तेलकट धुळीचा काळा डाग होता. टर्बोच्या पाइपात तेलाची हलकी वाफ असतेच. जिथून हवा बाहेर पडते तिथं ती वाफ आणि रस्त्यावरची धूळ मिळून असा डाग धरतो. डागावर साबणाचं पाणी पडलं आणि मोठमोठे बुडबुडे उठायला लागले. कॉम्प्रेसर बंद केला, की चीर मिटून जायची; नखानं चाचपलं तरी कळायची नाही. पुन्हा हवा भरली, की ओठ उघडावेत तशी उघडायची.

होज बदलली, घासणारी पट्टी वाकवून बाजूला केली, तिच्यावर रबर चढवलं. प्लग साफ करून तेच घातले. नवे घालायची गरज नव्हती. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला पुन्हा आकडे घेतले. आता मागितलेला आणि मिळालेला दाब एकमेकांना चिकटून चालत होते. टर्बोला हात लावला नाही. आणखी वर्षभर ही चीर तशीच राहिली असती, तर मात्र टर्बो खरंच गेला असता. दाब पुरा करायला कॉम्प्युटर त्याला गरजेपेक्षा जास्त पळवत होता, आणि अशा पळवण्यात बेअरिंग खलास होतं. खोटं निदान काही दिवसांनी खरं ठरलं असतं आणि सगळे म्हणाले असते, ‘बघा, टर्बोच होता.’

आधीच्या मेकॅनिकला मूर्ख म्हणायला मी तयार नाही. काळा प्लग दिसला, बदलला, गाडी चालली. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. त्याच्या जागी बसून बघा. बिघाड शोधायला तीन तास घालवले, तर त्या तीन तासांचं त्याला कुणी काही देत नाही. दारात चार गाड्या उभ्या असतात. पार्ट बदलला तर पार्टावर चार पैसे सुटतात, शिवाय लेबर मिळतं. अंदाज चुकला तरी पैसे मिळतात आणि शोध बरोबर लागला तरी कमी मिळतात, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात शहाणा माणूससुद्धा अंदाजच करणार.

डिझेलला प्लग नाहीत, ठिणगी नाही, त्यामुळे तिथं मिसिंग म्हटलं की संशय इंजेक्टरवर जातो. शेतावर, कारखान्यावर, साइटवर फिरणाऱ्या मोठ्या गाड्या ‘चारही इंजेक्टर गेलेत’ असा शेरा घेऊन येतात. त्यासाठी आमच्याकडं सलाइनच्या नळ्या आणि औषधाच्या चार सारख्या बाटल्या आहेत. इंजेक्टरकडून टाकीकडं परत जाणाऱ्या डिझेलच्या नळ्या काढून तिथं या लावायच्या, बाटल्या ओळीनं टांगायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं. चांगल्या इंजेक्टरच्या बाटलीत थोडंसंच डिझेल जमतं. ज्याची बाटली भराभर भरते, तो दाब धरत नाही. चारांतली एक बाटली भरली आणि तीन तळाशी राहिल्या, की गिऱ्हाइकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ते स्वतःच बोट दाखवून म्हणतं, ‘हा तिसरा.’ पिकप गेलेल्या जुन्या डिझेल गाड्यांत तर कितीदा टर्बोच्या पाकळ्या हलवणारी व्हॅक्युमची बारीक नळी उष्णतेनं कडक होऊन चिरलेली निघते. किंमत म्हटली तर एका वेळच्या चहा-नाष्ट्याची.

काही कारणं तर खास आपल्या गावची आहेत. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते आपण अभिमानानं सांगतो. पण मागांच्या आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नाकात तो कापूस जातो. एअर फिल्टर तर भरतोच, शिवाय कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यामध्ये तंतूंचा थर साचतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते. मधला थर दिसायला बंपर उतरवावा लागतो, आणि तेवढं कुणी करत नाही. इंटरकूलरला वारा लागला नाही की इंजिनात गरम हवा जाते, आणि ठोके बसू नयेत म्हणून कॉम्प्युटर ठिणगी मागं ओढतो, जोर कमी करतो. कोड एकही नाही, चेक लाइट नाही, आणि गाडी मात्र मरगळलेली.

मे महिन्यात हे आणखी अवघड होतं. पारा ४३-४४ अंशांवर गेला की बाहेरची हवाच पातळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ती जवळपास ९ टक्के हलकी असते. त्यात एसी पूर्ण, पाच माणसं, डिकीत सामान. अशा दिवसांत पिकपची तक्रार घेऊन आलेल्या काही गाड्या पूर्ण निरोगी असतात. मी मालकांना सांगतो, उद्या पहाटे सहाला हाच रस्ता, हाच गिअर, एकटे चालवून बघा आणि मग या. पुष्कळ जण परत येत नाहीत. माझा धंदा बुडतो, पण बिघाड नसलेल्या गाडीत बिघाड शोधायला बसलं, की काहीतरी सापडल्यासारखं वाटतंच.

हल्ली सगळ्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट सरकारनं २०३०वरून २०२५वर आणलं, आणि आता पंपावर तेच मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे एव्हरेजला थोडा फटका बसतो हे खरं आहे. पण घाटात झटके बसतात ते केवळ त्यामुळं, असं माझ्या पाहण्यात क्वचितच आलं. गंमत म्हणजे ही तक्रार सगळ्यांत जोरात करणारे आमचे ऊसवाले बागायतदार असतात. मी म्हणतो, ‘दादा, ऊस तुमचाच आहे की टाकीत.’ इथेनॉलचा खरा धोका पाण्याचा. ते पाणी शोषतं आणि मर्यादेपलीकडं पाणी झालं, की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत असं होऊ शकतं. तपासायला टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवायचं. खाली वेगळा थर दिसला तर शंका खरी. नाही दिसला, तर इथेनॉलला शिव्या देणं बंद करून होज बघायची.

गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट एकच सांगतो. चेक लाइट नुसता पेटून राहिला, तर सवडीनं दाखवा. तो लुकलुकत असेल तर पाय काढा, गाडी हळू घ्या, शक्य तितक्या लवकर थांबवा. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकी आहे, की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय. आतली चिनी मातीची जाळी वितळून वाट तुंबते. मग मिसिंग दुरुस्त केली तरी पिकप परत येत नाही, कारण धूर बाहेर पडायलाच जागा नसते. कन्व्हर्टरच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकाला मीटर लावला, की मागून किती दाब येतोय ते कळतं. अशा गाड्या येतात तेव्हा मालक म्हणतात, ‘लाइट तर कधीपासून लुकलुकतोय, गाडी चालत होती म्हणून आणली नाही.’

हे सगळं करायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे मागायला मी शिकलो, ते व्यापारी मालकांच्याच एका बोलण्यावरून. बिल बघून ते म्हणाले, ‘होजचे कळले. हे वरचे कशाचे?’ मी म्हटलं, ‘शोधण्याचे.’ ते म्हणाले, ‘शोधलंत म्हणून तर होज बदलली. मग बिल होजचंच ना?’ मी त्यांना विचारलं, ‘मालक, डॉक्टर तपासतात त्याची फी देता, एक्स-रे काढला त्याचे देता, मेडिकलवाल्याकडं गोळ्यांचे वेगळे देता. तिथं कधी म्हणता का, गोळी दिलीत म्हणून तपासणी फुकट?’ ते हसले, पैसे दिले, आणि जाता जाता म्हणाले, ‘मग आधी सांगत जावा. आधी सांगितलं तर माणूस भांडत नाही.’ त्यांचं बरोबर होतं. व्यापाऱ्याला भाव आधी लागतो.

आता गॅरेजात पाटी आहे : ‘तपासणी फी वेगळी.’ गाडी उघडायच्या आधी आकडा सांगतो, पटला तर चावी घेतो. काही जण पाटी वाचूनच वळतात. चौकापलीकडं फुकट स्कॅन करून देणारे आहेत, आणि त्यांची भाकरी पार्टावर निघते. काही जण म्हणतात, काम तुमच्याकडंच करणार आहे, मग फी बिलातून वजा करा. तेवढं मी करत नाही. वजा केली की शोधणं पुन्हा फुकट झालं. आणि फुकट शोधणारा माणूस पोट भरण्यापुरते पैसे कुठल्या ना कुठल्या पार्टातून काढणारच, मीही काढीन. फी वेगळी असली, तर गाडीत काही निघालं नाही हे सांगायला मला जड जात नाही. मेच्या उन्हातल्या निरोगी गाडीला ‘घेऊन जा’ म्हणता येतं ते त्यामुळंच.

फीच्या बदल्यात मालकाला एक कागद मिळतो. काय मोजलं, किती यायला हवं होतं, किती आलं, बिघाड कुठं आहे आणि तो कशावरून ठरवला, हे त्यावर मराठीत लिहिलेलं असतं. लिहायचं काम आता हाताखालच्या पोराकडं दिलंय. पहिल्यांदा कंटाळायचा, आता कारण लिहिता आलं नाही, तर स्वतःच पुन्हा गाडीखाली जातो. कागद घेऊन काम दुसरीकडं स्वस्तात करून घेणारेही आहेत. घेऊ देत. कागदावर लिहिलंय तिथंच बिघाड निघाला, तर माझी मजुरी मला आधीच पोचलेली असते.